लाल निवडुंग मांडीवर, गाडी बऱ्हाणपूरला

लोक बऱ्हाणपूरला किल्ला बघायला जातात. आम्ही सासू-सुना एका आजारी निवडुंगाला घेऊन गेलो! हिरव्या देठावर लालभडक गोळा बसवलेला तो कलमी निवडुंग म्हणजे आईंनी, माझ्या सासूबाईंनी, उभ्या आयुष्यात निव्वळ स्वतःच्या हौसेनं घेतलेली पहिली वस्तू. तुळशीला पाणी घातलं की त्यालाही तांब्याभर, रोज. व्हायचं तेच झालं, देठ सडला. आईंचं जेवणावरून मनच उडालं. "चला, ज्या नर्सरीतून आणलाय तिथेच दाखवू," म्हटलं आणि सकाळीच भुसावळहून गाडी काढली.

मुक्ताईनगर सोडलं की इच्छापूरपर्यंत ट्रकच ट्रक. लवकर निघा, म्हणजे धूळ कमी खाल. कुंडी आईंच्या मांडीवर, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला मला ओरडा.

नर्सरीत पिवळे, केशरी, गुलाबी गोळे रांगेनं मांडलेले. काय ते रंग, अहाहा! मालकानं आमचा देठ दाबून पाहिला. "अम्माजी, ये तो गल गया. लालवाला खुद खाना नहीं बनाता, नीचेवाला खिलाता है उसको."

"म्हणजे अगदी आमच्या चिरंजीवांसारखा!" आई म्हणाल्या. चिरंजीव म्हणजे माझा नवरा. हसून हसून माझी पुरेवाट.

"नया ले जाओ, डेढ़ सौ में."

"मला हाच पाहिजे."

"फिर ड्रॅगन फ्रूट की डंडी लाओ, उस पे चढ़ा दूँगा. मेरे पास खतम है. आज ही लाना, सड़न ऊपर जा रही है."

आईंचं माहेर जवळच, बहादरपूरला. मामांनी केळीच्या बांधावर ड्रॅगन फ्रूट लावलंय. "अक्का, टेन्शन काहून घेते? पाहिजे तेवढं काट ना!" म्हणत त्यांनी चांगली जाडजूड फांदी दिली. मामी जेवल्याशिवाय सोडेनात, पण आईंनी चहावर भागवलं.

परत नर्सरीत. सडका भाग कापता कापता गोळा लिंबाएवढा उरला. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेवटी एकदाचा स्वच्छ लाल गर दिसला! तो फांदीवर बसवून दोऱ्यानं बांधला. मग आम्ही दोघींनी गरमागरम मावा जिलेबीवर असा ताव मारला की घरी न्यायची राहूनच गेली.

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या माझ्या ताब्यात. पंधरवड्यानं एका सकाळी मी हलक्या हातानं दोरा सोडला. गोळा जागचा हलला नाही. पुढे तर त्याला बाजूनं इवलीशी लाल पिल्लं फुटली. आईंनी लगेच मामांना फोन लावला. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"अरे, ऐकलंस का? माहेरचं खाऊन बाळसं धरलंय त्यानं!"