रस्टी गेटची खंडेनवमी

सांगू की नको, सांगू की नको करत चाळीस वर्षं काढली. पण आज चहा फक्कड झालाय आणि बसलेली सगळी घरचीच माणसं आहेत, तेव्हा सांगूनच टाकतो. बेळगावात एकेकाळी एक बँड होता. असा बँड, की त्याला ऐकायला बेंगळूरहून माणूस आला! आणि तो बँड बुडाला तो माझ्यामुळे. भांडणं लावून नाही हो. चांगलं करायला जाऊन!

आधी माझी अक्कल किती ते ऐका. मी तेव्हा बेळगावजवळच्या मच्छे गावात एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मोटारी यायच्या, पंप यायचे. आमचं काम एकच, आवाज बंद करायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकत राहायचं. खर्र आलं की बेअरिंग गेलं. टक् टक् आलं की शाफ्ट हलतोय. आमचे मिस्त्री कौतुकानं म्हणायचे, ‘मारुतीच्या कानातनं डास बी सुटत न्हाय!’ मला या कानांचा केवढा अभिमान!

एकदा कॅम्पातल्या एका चर्चच्या विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणून मला पाठवलं. पंप उघडून बसलोय, आणि मागच्या हॉलमधून असा काही आवाज आला, की मला वाटलं जनरेटर फुटला! हातातला पाना तसाच घेऊन धावलो. बघतो तर तीन पोरं.

विल्सन गिटार वाजवत होता. कॅम्पातलाच, वडील मिल्ट्रीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी. गाणारा दिलीप, टिळकवाडीतल्या वकिलाचा मुलगा, त्याच्या गळ्यात जाड तारांची दुसरी गिटार. आणि ढोल बडवत होता शफी, तो इतका काटकुळा की ढोलामागे दिसायचाच नाही.

काय वाजवत होती हो ती पोरं! गाणं इंग्रजीत, मला एक शब्द कळेना. पण तो आवाज कानातून आलाच नाही, थेट छातीत शिरला. गिटार एकाच वेळी चिडलेली होती, रडत होती आणि खदाखदा हसतही होती. गिटारला एवढं सगळं येतं हे मला कोण सांगणार? आमच्या गावात गिटार लग्नाच्या ऑर्केस्ट्रात एका कोपऱ्यात टुणटुण करायची. मी दारातच उभा राहिलो. चपला कधी काढल्या मलाच कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

गाणं संपल्यावर विल्सननं विचारलं, “काय पायजे अण्णा? पंप झाला?”

“पंप जाऊ दे रं,” मी म्हणालो, “परत वाजव की.”

झालं! तेव्हापासून मी त्यांचा. रविवार आला की सायकल कॅम्पाकडे. बँडचं नाव ‘रस्टी गेट’, म्हणजे गंजकं फाटक. विल्सनच्या घराचं फाटक कुरकुरायचं, त्या कुरकुरीवरून त्यानं पहिलं गाणं बसवलं होतं. हे ऐकून मी काय केलं असेल? दुसऱ्याच दिवशी जाऊन फाटकाला तेल घालून आलो! खरं तर तिथंच त्यांनी मला हाकलायला हवं होतं. पण गुणी पोरं. हसली आणि चहा पाजला.

वर्षभरात नाव व्हायला लागलं. चर्चच्या हॉलमधून कॉलेजच्या गॅदरिंगला, गॅदरिंगमधून थेट निपाणीच्या गणपतीला. निपाणीच्या मंडळाला वाटलेलं, ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी. विल्सननं पहिली तार छेडली आणि मंडळाचे अध्यक्ष स्टेजकडे धावले.

“मशीन बिघडलंय त्येंचं! बंद करा, बंद करा! आवाज फाटाय लागलाय!”

पण पुढच्या रांगेत तंबाखूच्या वखारीतल्या बायका बसल्या होत्या. दिवसभर तंबाखू चाळून, खोकून आलेल्या. त्यातली एक थोराड आक्का उभी राहिली. “ए, वाजवू दे की त्यास्नी! आमच्या वखारीच्या सायबावर चिडल्यागत वाजतंय, लई बरं वाटाय लागलंय!”

आणि मग पुढचा तासभर त्या बायकांनी जी शिट्टी आणि जी टाळी दिली! अंगावर काटा आला माझ्या. ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्यांना त्या तिघांचं सगळंच्या सगळं कळलं होतं.

आता गंमत बघा. त्या आक्कांचं बोलणं मी ऐकलं, पण डोक्यात राहिलं ते अध्यक्षांचं. आवाज फाटतोय! येताना टेंपोत मी विल्सनला हळूच म्हणालो, “विल्सन, तुझा स्पीकर फाटलाय रं.”

“असू दे अण्णा,” तो हसला. “फाटकाच बरा हाय.”

मला गलबलून आलं. मनात म्हटलं, बघा, गरिबाचं पोर. नवा स्पीकर घ्यायची ऐपत नाही, म्हणून हसण्यावारी नेतंय!

आणि त्याच सुमारास ते पत्र आलं. बेंगळूरच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब दसऱ्याला बेळगावला येणार होते, कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रस्टी गेट ऐकायला. आवडलं तर रेकॉर्ड निघणार! विल्सनच्या वडिलांनी त्याला बजावून ठेवलं होतं, ‘दसऱ्यापर्यंत काय ते वाजव. न्हायतर माझ्याबरोबर कँटीनला याचं, कांदा चिरायला.’ म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर आलेलं. विल्सनला जेवण जाईना. मलाही जाईना.

मी विचार केला, मोडक्या सामानावर ही पोरं एवढं हलवून सोडतात. सामान नीट असेल तर बेंगळूर जागेवर राहील का?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. लेथपासून पक्कडीपर्यंत सगळं धुवायचं, पुसायचं, मोडलेलं जोडायचं आणि मग पूजा. मी विल्सनला म्हणालो, “हत्यारं पुजायची असत्यात उद्या. तुमचं बी हत्यारच की! आणा सगळं मच्छेला.”

पोरं खूश! सकाळी टेंपोतून सगळं आणून दिलं आणि मिस्त्रींच्या घरी पुरणपोळी खायला गेली. मी एकटा उरलो, सामानासमोर, कान टवकारून.

अँप्लिफायरचा खोका उघडला. अरे देवा! स्पीकरच्या कागदी कोनाला हे एवढं भोक, कडा कुरतडलेल्या, चिंध्या लोंबतायत. मी हळहळलो. पतंगाचा कागद आणला, गोंद लावला, आतून एक, बाहेरून एक असे थर दिले. असा बसवला की जोड शोधून सापडू नये. आतली एक तार ढिली होती, तिला कथलाचा डाग देऊन जोडली. आवाजाचं बटण खरखरायचं, ते स्पिरिटनं धुतलं.

मग शफीच्या सामानाकडे वळलो. छोट्या ढोलाच्या पोटाखाली तारा लोंबत होत्या, ढोलावर टिचकी मारली की झर्र वाजायच्या. मी सगळ्या सोडवून काढल्या! पितळी थाळीला कुणीतरी सायकलच्या चेनचा तुकडा अडकवला होता. काय हा गबाळेपणा! चेन काढली, रॉकेलमध्ये धुतली, ग्रीस लावून कागदात गुंडाळून ठेवली. परत मागितली तर नको का द्यायला?

मग एकेकाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. सगळं गप्प. माझी छाती फुगली.

पोरं आली तेव्हा पूजा मांडून झाली होती. गिटारला झेंडूची माळ, ढोलाला हळदकुंकू, अँप्लिफायरसमोर नारळ. विल्सन हात जोडून उभा राहिला आणि मग गिटारकडे हात नेला. “अण्णा, एकदा वाजवून बघतो. उद्यासाठी.”

मी त्याच्या हातावर चापटी मारली. “आज न्हाय! पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय. उद्या दसऱ्याला पूजा उतरवायची, मग वाजवायचं.”

“व्हय रे,” दिलीप म्हणाला. “आमच्यात पुस्तकाला बी आज हात लावत न्हाईत.”

विल्सननं मुकाट्यानं हात मागे घेतला. कॅम्पातला ख्रिश्चन पोरगा, पण माझ्या देवाचा मान राखला त्यानं. आणि मी, सरप्राइज द्यायचं म्हणून, दुरुस्तीचं अवाक्षर काढलं नाही!

दसऱ्याची संध्याकाळ. हॉल गच्च. सोनं वाटून आलेल्या लोकांच्या खिशात आपट्याची पानं. साहेब पहिल्या रांगेत, गोरेपान, पांढरा शर्ट, मांडीवर वही. मी मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची पकडली. पूजा उतरवून सामान मीच आयत्या वेळी थेट स्टेजवर लावलं होतं.

विल्सननं डोळे मिटले आणि पहिली तार छेडली.

टुंग.

इतकी स्वच्छ! इतकी गोड! भजनात पेटीसुद्धा इतकी सोज्वळ वाजत नाही. विल्सननं डोळे उघडले. गिटारकडे बघितलं. बटण पूर्ण फिरवलं. टुंग मोठी झाली, पण टुंगच! शफीनं काठी हाणली, तर झर्र नाही नि काही नाही, नुसतं ढब. पाटावर लाटणं पडावं तसं. थाळीवर मारलं, तर देवघरातली घंटा. शफीनं वाकून ढोलाच्या पोटाखाली बघितलं आणि मग तो जो माझ्याकडे बघत राहिला!

दिलीप चिडून, जीव तोडून गातोय आणि मागे सगळं कसं सौम्य, शांत, सुशील. समोरचे म्हातारे माना डोलावायला लागले. “आज कसं व्यवस्थित वाजवाय लागल्यात बघा पोरं!” अशी टाळी पडली, की मला वाटलं, जिंकलो!

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी वही मिटली. “तुंबा चन्नागिदे,” म्हणाले. फार छान! मी तर हवेतच गेलो. मग ते विल्सनला म्हणाले, “व्हेरी नीट बॉइज. पण असं नीट वाजवणारे बेंगळूरात गल्लोगल्ली आहेत. आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, तुमचा आवाज काही वेगळाच आहे म्हणून.”

विल्सन अजून गिटारच उलटीसुलटी करून बघत होता. मग कोण बोललं असेल? मी! साहेबांचा हात धरून मी म्हणालो, “सायेब, वेगळा व्हता! लई खराब व्हता! कालच मी सगळा काढला!”

विल्सन माझ्याकडे बघत राहिला. दिलीप खाली बसला. शफीनं कपाळाला हात लावला. आणि त्या तीन चेहऱ्यांकडे बघताना मला हळूहळू, एकेका बेअरिंगसारखं, कळत गेलं की मी काय करून बसलोय. आजही आठवलं की घाम फुटतो.

साहेब गेले. मग धावपळ! मी कागद सोलून काढला, तर कुरतडलेल्या कडाही त्यालाच चिकटून निघाल्या आणि आवाज नुसता फडफडला. ब्लेडनं नवं भोक पाडलं, तर शिंकल्यासारखा वाजला. तेव्हा विल्सननं सांगितलं, ते भोक चर्चच्या कोठीत उंदरानं पाडलं होतं, आणि त्या कुरतडलेल्या कडांमधूनच तो आवाज निघायचा. दोन वर्षं सगळी गाणी त्यानं त्या भोकावर बसवली होती!

मग मी काय केलं? उंदीर पकडला! मच्छेचाच, चांगला पोसलेला. खोक्यात सोडला, कोनाला शेंगदाण्याचं तेल लावलं. त्यानं कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. वायर खाल्ली आणि पळून गेला. पुढे आणखी चार आणले. एकालाही संगीताची जाण नाही!

रस्टी गेट कायमचं बंद झालं. दिलीपनं वडिलांसारखा काळा कोट चढवला. शफी वरातीच्या बँडमध्ये गेला. विल्सन कँटीनमध्ये कांदा चिरायला लागला आणि पुढे बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला.

जायच्या आधी तो मच्छेला आला, सायकलवर तो अँप्लिफायर बांधून. मी तोंड चुकवायला मोटारीमागे लपलो होतो. त्यानं हुडकून काढलं.

“विल्सन, मला माफ कर रं,” मी म्हणालो. “तुझं वाटोळं केलं मी.”

तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मग हसला.

“अण्णा, सगळ्या बेळगावात आमचा आवाज बरोब्बर ऐकलेला माणूस तू एकटाच. एकेक खरखर, एकेक झर्र. दुसऱ्या कुणी दुरुस्ती केली असती तर एखादी तरी राहिली असती की रे!”

मी रडलो. कुणीही, कधीही माझ्या कानांना दिलेली ती सगळ्यात मोठी दाद होती, आणि ती त्यानं द्यावी!

अँप्लिफायर तो मला देऊन गेला. मी आमच्या गावच्या देवळाला दिला. चिकटवलेला कागद सोलला होता ना, तो परत चिकटवला, काय करणार? दर शनिवारी भजनाला लावतात. लोक म्हणतात, मारुतीअण्णा, काय खणखणीत आवाज हो! मी मात्र खांबाला टेकून, डोळे मिटून बसतो. देवाकडे एवढंच मागतो, की आज तरी एकदा खरखरू दे, फाटू दे. चाळीस वर्षं झाली. अजून एकदाही खरखरला नाही.

काम मात्र पक्कं केलंय हो मी!