दसऱ्याचं कुंकू आणि जीपची चाकं

लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझे वडील, आबा, एकदाही राजूरला माझ्या सासरी आले नव्हते. ते काष्टीचे, सपाट मुलखातले. एसटीने घाट चढायला ते घाबरायचे. "जावईबापू न्यायला आले तर बघू," एवढंच म्हणायचे. एकाहत्तरच्या दिवाळीत आम्ही त्यांना जीपने आणणार होतो, त्यामुळे माझा सगळा जीव त्या जीपमध्ये अडकला होता.

जीप लष्कराच्या लिलावातली. आमचे हे बाजाराला तिच्यातून वाड्यांवरची माणसं आणि हिरड्याची पोती आणत. तिचं पोट दगडांना घासायचं, म्हणून दसऱ्याआधी यांनी चाकांवरच्या चारही कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक लोखंडी पाटा वाढवला. गाडी उंच झाली आणि गाडीबरोबर हेही उंच झाल्यासारखे गावातून हिंडू लागले.

दसऱ्याला यांनी स्टेअरिंगच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर गाडी सरळ धावते आणि स्वस्तिक मात्र कललेलं. पाटे वाढवल्यापासून स्टेअरिंगच तिरकं राहत होतं. पूजेचं कुंकू आमच्या घरात हाताने पुसत नाहीत, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. मग यांनी काय करावं? गाडीखाली शिरले आणि पुढची दोन चाकं जोडणारा दांडा फिरवून फिरवून स्वस्तिक सरळ केलं. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून जीप नव्याने जुंपलेल्या खोंडासारखी रस्ताभर ओढ घेऊ लागली. यांनी हवा भरली, ग्रीस मारलं आणि शेवटी सगळं खापर नव्या पाट्यांवर फोडलं. दिवाळी तोंडावर आली तेव्हा म्हणाले, "आबांना एसटीनं येऊ दे. या गाडीत मी त्यांना न्हाई बसवायचा."

एसटीने आबा येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. मी अशी भडकले की भाकरी तव्यावर टाकून अंगणात आले आणि रागाने पुढच्या टायरवर हात मारला. हात बाहेरून आत घसरला तशी तळव्याला करवत लागली. आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत. दुसरं चाकही तसंच. आतली कड झिजून गेली होती आणि बाहेरची जवळजवळ नवी होती.

"अहो, ही चाकं सरळ चालतच न्हाईत," मी ओरडले. "फाकून चालत्यात."

यांनी सुतळी आणली. मी एक टोक धरलं. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आधी चाकांच्या मागच्या बाजूने मोजलं, मग पुढच्या. पुढून बरंच जास्त भरलं. हे खाली बघत म्हणाले, "दांडा मीच फिरवला हुता. स्वस्तिकासाठी."

माझा राग कुठच्या कुठे गेला. देव सरळ करायच्या नादात या माणसाने गाडी फेंगडी करून ठेवली होती. मी पोट धरून हसले आणि आत भाकरी जळाली.

दांडा जागेवर आला, गाडी शहाण्यासारखी धावू लागली, स्वस्तिक पुन्हा कललं. या खेपेला ते तसंच ठेवलं.

काष्टीला न्यायला गेलो तेव्हा वडिलांनी जीपभोवती फेरी मारली, टायर चाचपले, आत डोकावले.

"देव वाकडा बसलाय की."

"देव वाकडा हाय आबा, पन चाकं सरळ हायत," हे म्हणाले.

त्यांनी यांच्याकडे एकदा बघितलं, धोतर सावरलं आणि पुढे बसले. घाटात डोळे मिटून घेतील असं वाटलं होतं, पण सगळी वळणं ते त्या स्वस्तिकाकडे बघत बसले.

राजूरला माझ्या चुलीपाशी बसून त्यांनी चहा घेतला, भांडी बघितली, भिंती बघितल्या आणि म्हणाले, "बरं हाय गं तुजं घर." ते घर मला खरं माझं वाटलं ते त्या दिवशी.