तोतया वासुदेवाचे उपासक

आमच्या अमळनेरात ईश्वराला मानणारे पुष्कळ आहेत, न मानणारेही आहेत. परंतु तोतया वासुदेवाची नेमाने उपासना करणारा पुरुष एकच, तो म्हणजे आमच्या शेजारचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसविलेली आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते रोज एक गोळी घेतात. ही गोळी रूपाने ‘के’ जीवनसत्त्वासारखी, म्हणून त्याच्या आसनावर जाऊन बसते व त्याचे रक्त गोठविण्याचे काम अडविते, असे त्यांनी सांगताच मला भागवतातला पौंड्रक आठवला. खोटी शंखचक्रे धारण करून स्वतःस वासुदेव म्हणविणारा. मी ते बोलून दाखविले, आणि तेव्हापासून ते गोळीला पौंड्रकच म्हणू लागले. “फरक एवढाच, शास्त्रीबुवा, आमच्याकडे खरा वासुदेव माजला, तर मी वैकुंठाला जातो.” मी मनोमन विष्णूची क्षमा मागितली.

जीवनसत्त्वांच्या अशा वैऱ्यांचे त्यांना अतोनात वेड. तालमीपाशी एखादा पहिलवान कच्चे अंडे फोडताना दिसला, की त्यातला पांढरा भाग बायोटिन या जीवनसत्त्वाला कसा बांधून ठेवतो हे ते समजावीत, आणि तो बिचारा अंडे हातात धरून ऐके. त्यांच्या स्वतःच्या वैऱ्याची तऱ्हा निराळी. पालेभाजीत ‘के’ दाटलेले. डॉक्टरांनी ती वर्ज्य केली नव्हती, गोळीचे माप तिच्यावर बेतून रोज सारखी ठेवायला सांगितली होती. त्यांच्या पत्नी अक्का, माहेर रावेरकडचे, एकादशीला स्वतः निराहार राहूनही ती भाजीची मोजकी वाटी रांधीत. लग्नाच्या पंगतीतही ती पिशवीतून निघे. वाढपी मेथीचा आग्रह करू लागला, की हे त्याला पौंड्रकाची कथा सांगत. तोवर पंगत उठे.

गेल्या हिवाळ्यात नशिराबादला त्यांच्या भाच्याच्या शेतात भरिताचा बेत ठरला, अक्कांसह मलाही बोलावणे होते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यात कांद्याची हिरवी पात मनसोक्त. प्राध्यापकांनी गुपचूप गणित मांडले: आधीचे काही दिवस वाटी अक्कांची पाठ वळताच गाईपुढे रिकामी करायची आणि साठलेला हिरवेपणा त्या दिवशी एकदम खायचा. जन्मभर शिकविलेले ते स्वतःच विसरले. वासुदेव उपाशी राहिला, तर पौंड्रकाला सारे राज्य मोकळे. शेतात पहिला घास उचलला आणि नाकातून रक्ताची धार लागली, ती काही केल्या थांबेना.

जळगावच्या दवाखान्यात उपचार झाले, रक्त थांबले. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी गाईची गोष्ट कबूल केली. अक्का रागावतील असे मला वाटले. त्या पदराने त्यांच्या मिशीवरचे सुकलेले रक्त पुसू लागल्या.

“पात खायची व्हती तं मले सांगाचं. रोज वाटीत चिमूटभर टाकली असती.”

प्राध्यापकांच्या छातीतली झडप टिकटिकत होती, आणि अक्का मान कलती करून ती ऐकत होत्या. गाभाऱ्याशी बसून मी नाम ऐकतो, तशा.