विहिरीत उतरलो तो मी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो. आता वय झालं, बदलायला विषय उरले नाहीत.

‘कांबळे? मग तो गडग्याबाहेरच बसू दे.’

मालगुंडजवळचे एक बागायतदार, तात्या, हे बोलले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत आम्ही तंत्रशिक्षणाची मुलं दर रविवारी गावोगाव पंप दुरुस्त करायची सेवा चालवायचो. दोघांची जोडी. एकाने विहिरीत उतरून पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह साफ करायचा, दुसऱ्याने वर मोटर बघायची. कांबळे माझा जोडीदार. दोघंही बौद्ध. पण माझं आडनाव मराठ्यांतही असतं.

तात्यांनी माझंही आडनाव विचारलं. सांगितलं.

‘म्हणजे मराठाच तुम्ही. उतरा खुशाल.’

मी मान हलवली. तेवढंच. तोंडाने खोटं बोललो नाही, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं.

मी उतरलो. कचरा काढला. वर येऊन मोटरही मीच चालू केली. कांबळे उन्हात आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे बसून होता. मग घरातून चहा आला. मला कपात. दुसरा करवंटीत.

‘त्याला नेऊन दे रे,’ तात्या म्हणाले.

मी नेला.

कांबळेने करवंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘घरी तुझ्या आवशीला पण ह्यातच देतोस काय रे?’

चहा त्याने मातीत ओतला. परतताना एसटीत तो माझ्याजवळ बसला नाही. पुढच्या रविवारी सेवेतून त्याने नाव काढून घेतलं.

त्याच आठवड्यात तात्यांचा निरोप आला. पंप पुन्हा बंद, मागचाच मुलगा पाठवा. मी एकटा गेलो. विहिरीच्या काठावर उभा राहिलो.

‘तात्या, मी कांबळेच्याच जातीचा.’

‘मग आधी बोलला का नाहीस? विहीर बाटवलीस माझी!’

‘आठवडाभर तेच पाणी प्यालात. काय झालं काय तुम्हाला?’

काठी उचलली त्यांनी. मी हललो नाही. त्यांनीच खाली केली. पान्यांची पिशवी घेऊन मी निघालो. सेवेत सगळ्यांपुढे सांगितलं, दोघंही आत, नाहीतर कुणीच नाही. तसा नियम झाला. ज्याच्यासाठी करायचा तो नव्हता.

पुढे अलोऱ्याला एका लग्नात कांबळे भेटला. शब्द ओठांवर होते. तोंडातून निघालं, ‘जेवलास काय?’

‘जेवलो,’ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तो आता नाही. हे सगळं मी त्याच्या शोकसभेत, त्याच्या मुलांसमोर वाचणार आहे. माझी मुलंही तिथे असतील. कुणी उठून गेलं तरी शेवटपर्यंत वाचणार. पण जे त्याला सांगायचं होतं, ते त्याच्यापर्यंत जायचं नाही: कांबळे, मी मान हलवली. चुकलो.