रॉन्डेलला बसवून ठेवलं

रॉन्डेल ग्रिग्सला चेंडू घेऊन पळायचे पैसे मिळतात, असं अलाबामातल्या त्याच्या गावात सगळ्यांना वाटायचं. खरं तर ओहायोतल्या टोलीडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात आल्यापासून त्याने पळण्यापेक्षा धडका खाण्याचंच काम जास्त केलं होतं. पहिला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी, दमला की दुसरा आत जायचा, आणि या दुसऱ्याने बहुतेक वेळ क्वार्टरबॅकच्या शेजारी उभं राहायचं. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात मागे नेतो, तेवढ्यात समोरून एखादा धिप्पाड गडी मोकाट सुटून त्याच्या अंगावर आला, तर त्याला मध्येच आडवं जायचं. टीव्हीवर हे कुणाला दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर जातो. चुकलं तर मात्र दहा वेळा दाखवतात.

या कामात रॉन्डेलचा हात धरणारा कुणी नव्हता. कोण येणार, कुठल्या बाजूने येणार, हे त्याला आधीच कळायचं. म्हणून तर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वेग कमी झाला, तरी तो टिकून होता. वय अठ्ठावीस, आणि रनिंग बॅकच्या खोलीत तो सगळ्यात म्हातारा. जगात दुसरीकडे कुठे या वयात माणसाला म्हातारा म्हणत असतील, तर मला ठाऊक नाही.

त्या उन्हाळ्यात जॉर्जियाहून जमारी आला. नुकतं कॉलेज सुटलेलं पोर, पण पळायला लागलं की बघणाऱ्याचा घास हातातच राहावा. आल्या दिवसापासून त्याने रॉन्डेलला आजोबा म्हणायला सुरुवात केली.

"आजोबा, तुमच्या वेळी हेल्मेट होती का हो?"

"होती की. आणि त्यांच्या आतली तोंडं बंद असायची."

नव्या पोराने सरावानंतर जुन्यांचं सामान उचलायचं आणि शुक्रवारी सगळ्या खोलीसाठी तळलेलं चिकन आणायचं, हा तिथला रिवाज. जमारीने पहिल्या शुक्रवारी सॅलड आणलं. खोलीत कुणीतरी वारल्यासारखी शांतता पसरली. मग रॉन्डेलनेच त्याला गाडीत घातलं, चिकनचं दुकान दाखवलं आणि येताना विचारलं, "तुला आई आहे ना रे? तिने काही शिकवलं नाही?" पोरगा हसून हसून लाल झाला. पोरगा वाईट नव्हता, हीच रॉन्डेलची पंचाईत होती. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

कारण दोघांपैकी एकालाच जागा होती. ऑगस्ट संपताना संघ कापतात. नव्वद जणांचे त्रेपन्न होतात, आणि त्या त्रेपन्नात तिसरा रनिंग बॅक ठेवायला टोलीडोकडे जागा नव्हती. जमारी पळण्यात कधीच पुढे निघून गेला होता. त्याला फक्त आडवं जाता येत नव्हतं. येणारा गडी ओळखताच यायचा नाही त्याला.

रनिंग बॅकचे कोच ओडेल बीमन. साठी उलटलेले, कमी बोलणारे. एक दिवस ते जाता जाता म्हणाले, "ग्रिग्स, पोराला शिकव."

"हो, कोच," रॉन्डेल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? जुन्याने नव्याला शिकवायचं हे त्या खोलीत ठरलेलंच होतं, मग तो नवा तुझ्या ताटातलंच उचलायला आलेला का असेना. रॉन्डेल नवा असताना त्याला व्हर्नन हॅचर नावाच्या एका जुन्याने शिकवलं होतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये व्हर्ननचं कपाट रिकामं झालं होतं. व्हर्ननने हातचं काही राखलं नव्हतं.

म्हणून रॉन्डेलनेही राखलं नाही. निदान राखायचं नाही असं ठरवलं. "डोळे बघू नको, पाय बघ," तो जमारीला सांगायचा. "आरडाओरडा करत पुढे येतो ना, तो तुला नुसता घाबरवतोय, मागे सरेल. गप्प झाला आणि टाच उचलली, की समज आलाच." जमारी मान डोलवायचा आणि मैदानावर पुन्हा डोळेच बघायचा. अशा वेळी रॉन्डेल त्याच्यावर मनापासून ओरडायचा, आणि त्याच वेळी आत कुठेतरी त्याला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची त्याला लाजही वाटायची.

शेवटचा सरावसामना शनिवारी दुपारी होता. या सामन्याचं एक गणित आहे, आणि ते या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. ज्यांची जागा पक्की, त्यांना उगाच दुखापत नको म्हणून खेळवत नाहीत. ते डोक्यावर टोपी घालून कडेला उभे राहतात, सूर्यफुलाच्या बिया चघळतात, हसतात. ज्यांचं काही खरं नाही, ते मैदानात जीव काढतात.

सामन्याआधी कोच ओडेल रॉन्डेलपाशी थांबले. "आज तुला आराम," एवढंच म्हणाले.

रॉन्डेलला वाटलं, आपण जमिनीवर चालतोय की नाही! त्याने टोपी घातली आणि थेट प्रेक्षकांच्या कठड्याकडे गेला. तिथे पहिल्या रांगेत त्याची आई, ऑर्नेटा, चर्चला जाताना घालायची जांभळी हॅट घालून बसली होती. अलाबामापासून स्वतः गाडी हाकत आली होती.

"हेल्मेट कुठाय तुझं?" तिने विचारलं.

"आज बसवलंय मला, मॉमा."

"बसवलंय? एवढ्या लांब मी तुझी टोपी बघायला आले होय?"

"अगं, बसवलं म्हणजे ठेवलं! जागा पक्की झाली."

ऑर्नेटाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग मागे वळली आणि ओळख ना पाळख अशा सबंध रांगेला ते समजावून सांगायला लागली. पाच मिनिटांत फोनवर पाद्रीबाईंनाही बातमी गेली.

पहिला अर्धा सामना रॉन्डेलने मजेत काढला. मग हळूहळू एक गोष्ट त्याला टोचायला लागली. जमारी सारखा मैदानात होता, पण कोच ओडेल त्याला चेंडूच देत नव्हते. दर वेळी फेकायचाच डाव, आणि दर वेळी जमारी क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा. वाऱ्यासारखा पळणारा पोरगा, आणि त्याला कुणी पळू देईना.

तिसऱ्या सत्रात समोरचा चौपन्न नंबरचा गडी मोकाट सुटला. जमारी भलतीकडेच बघत होता. क्वार्टरबॅक कोल्बी, आयोवाचा एक किडकिडीत मुलगा, असा आदळला की सगळं स्टेडियम कळवळलं. तो उठला, पण बरगडीला हात लावून.

जमारी बाहेर आला. चेहरा पांढराफटक. आजोबा म्हणायचंही विसरला. "तो चौपन्न. मला कळतच नाहीये तो कधी येतो. टाच उचलतच नाही तो."

उचलत नव्हताच. रॉन्डेलने ते पहिल्या सत्रातच हेरलं होतं. हा गडी टाच लपवायचा, पण यायचा असला की उजवा हात मांडीवरून खाली सोडायचा. आणि नेमकं तेव्हाच, जमारीच्या त्या चेहऱ्याकडे बघताना, रॉन्डेलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला ठेवलं म्हणून बसवलेलं नाही. आपल्यात आता बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून बसवलंय. परीक्षा या पोराची आहे, आणि विषय एकच. तो पास झाला तर आपण कशाला हवेत? नापास झाला, तर आणखी एक वर्ष.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. 'बघत राहा, कळेल' म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. कोच दूर होते. रॉन्डेलने मैदानाकडे बघितलं. कोल्बी बरगडी दाबत पुन्हा जागेवर जात होता. त्याच्या शेजारी जो उभा राहील, त्याच्यावर त्याचा भरवसा होता.

"उजवा हात," रॉन्डेल म्हणाला. "मांडीवरून सुटला की येतो. तुझ्या डावीकडून. खाली वाक आणि छातीत शिर. जा."

पुढच्या डावात हात सुटला. जमारी एक पाऊल पुढे झाला आणि खांदा असा घातला की चौपन्न नंबर उताणा पडला. कोल्बीने निवांत चेंडू फेकला, कुणीतरी तो झेलून पळाला, सगळं स्टेडियम त्याच्या मागे ओरडत गेलं. कोच ओडेल तिकडे बघत नव्हते. ते जमारीकडे बघत होते. मग त्यांनी वर मालकांच्या काचेच्या खोलीकडे पाहून होकाराची मान हलवली. रॉन्डेलकडे त्यांनी बघितलं नाही. कठड्यामागे ऑर्नेटा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

मंगळवारी सकाळी संघाच्या ऑफिसातला ग्रेडी आला. ग्रेडी वर्षभर सगळ्यांना डोनट वाटतो, विनोद सांगतो, पण त्या एका आठवड्यात तो बोळात दिसला की धट्टीकट्टी माणसं उलट्या पावली वळतात. "रॉन, वर बोलावलंय," तो म्हणाला. "टॅब्लेट घेऊन ये." सगळे डाव त्या टॅब्लेटवर असतात. तो परत मागितला की विचारण्यासारखं काही राहत नाही.

वर कोच ओडेल म्हणाले, "मी भांडलो तुझ्यासाठी." ते खरं असावं. त्यांचे डोळे सुजलेले होते. रॉन्डेलने हात मिळवला, कपाट रिकामं केलं आणि शनिवारपासून थांबलेल्या आईच्या गाडीत बसला.

ओहायो संपेपर्यंत ऑर्नेटा गाडी हाकत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराला तूच सांगितलंस ना? मी बघत होते. चेंडूकडे बघत नाही मी. तुझ्याकडे बघते."

"हो."

"नसतं सांगितलंस तर?"

"तर कोल्बीची बरगडी मोडली असती."

"तुझं सांग. मला त्याच्या बरगडीचं काही पडलेलं नाही." तिने स्टिअरिंगवर हात आपटला. "बरोबर केलंस तू. आणि मला इतका राग आलाय, की ही गाडी वळवून त्या लोकांच्या दारात जाऊन बसावंसं वाटतंय."

तेव्हा रॉन्डेल रडला. संघातल्या सहा वर्षांत गुडघ्यासाठीसुद्धा रडला नव्हता तो. ऑर्नेटाने त्याला रडू दिलं, गाडीचा वेग मात्र कमी केला नाही.

केंटकीत पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा त्याचा फोन वाजला. जमारी होता.

"आजोबा... मला काय बोलावं कळत नाहीये."

"मग बोलू नको."

"पण एक विचारायचं होतं. रविवारी हंगामातला पहिला सामना. त्यांचा तो डावीकडचा, दाढीवाला. तो हात सोडतच नाही. मी चार वेळा बघितलं चित्रण."

रॉन्डेल पंपापाशी उभा राहिला. फोन ठेवून द्यावा, असं त्याला खरोखर वाटलं.

"गाढवा," तो म्हणाला, "हात कशाला बघतोस? त्याची मान बघ." आणि मग गाडीला टेकून, मोकळा हात हवेत हलवत, तो सविस्तर सांगायला लागला.

ऑर्नेटा पैसे देऊन परत आली. आत बसून तिने चावी फिरवली, आणि तो अजून बोलतोय हे बघून पुन्हा गाडी बंद केली.

"कोण होतं?" तो आत बसल्यावर तिने विचारलं.

"कामाचा फोन होता," रॉन्डेल म्हणाला.