सव्वा मूठ गहू

आमच्या सासरची माणसं नाकाला पदर लावण्यात पटाईत. माझा मुलगा पाठीवर मांसाचा गोळा घेऊन जन्माला आला. धुळ्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळंच राहिलं. लघवी आपसूक होत नाही म्हणून मी ठरल्या वेळी नळी घालते. नवरा त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडतो आणि मधल्या सुट्टीत दुकानाचं शटर ओढून लंगोट बदलायला पुन्हा जातो. याची आम्हाला कधी किळस आली नाही. किळस आली ती कानबाईच्या सणाला.

श्रावणात सगळी भाऊबंदकी धरणगावजवळच्या आमच्या गावी जमते. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, तान्ह्या पोराच्याही, आणि ते रोट फक्त घरच्यांनीच खायचे, अशी रीत. प्रवास झेपत नसल्याने पोराला आजवर कधी नेलं नव्हतं; आम्हीही घरीच राहायचो आणि त्याची मूठ तिथे घेतली जातेच असं धरून चालायचो. यंदा नेलं. "माझी मूठ कधी घेतील?" असं विचारून त्यानं एसटीत माझं डोकं खाल्लं.

गहू मोजायचा मान आबांचा, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचा. परदेशातल्या पुतण्याची मूठ घेतली, पाळण्यातल्या नातवाची घेतली. मग सगळ्यांच्या झाल्या म्हणून हात झटकले.

"बठ्ठास्न्या मुठी व्हई गयात."

"आबा, याची राहिली," मी म्हटलं.

त्याच्याकडे न बघताच ते म्हणाले, "त्यानी कसाले? आज शे, सकाय नही. एकदा धरी, मंग काढनी पडनी तं अपशकुन व्हई."

आज आहे, उद्या नाही, असं म्हणाले तेव्हा पोरगा समोरच बसलेला. त्याचे पाय चालत नाहीत, कान चांगले चालतात. बाकीची ओटीभर माणसं गहू निवडल्यासारखी खाली बघत होती. वर एक जाऊबाई पुटपुटल्या, "देवीचं सोवळं असतं बाई." शी! पोराच्या गूमुतात हात घालताना जे कधी झालं नाही, ते तिथे झालं. मला ओकारी आली.

नवरा आबांपुढे कधी मान वर करत नाही. तो उठला, टोपलीत हात घातला, आपल्या वाटचे गहू काढले आणि माझ्या पदरात टाकले. पोराला पाठीवर घेतलं.

आबा ओरडले, "अरे, एक मूठ कमी करी टाकी ना तू!"

दारातून वळून तो म्हणाला, "एक नही, आबा. दोन."