शंभराच्या वरची पोरगी

शिकलेल्या माणसांच्या ऑफिसात अकरा वर्षं शिपाई राहिलं की किस्से गाळणीतल्या चोथ्यासारखे साठतात. झटकले नाहीत तर चहाच उतरत नाही! मी चौथी नापास. मरोळला आमचं ऑफिस. काम काय, तर आपल्याकडे माध्यमिक शाळेत किती पोरं आणि केनियात किती, ते ताडून बघणं. एसी लावून!

*

साहेबांना एकदा विचारलं, "इतक्या लांब कशाला? आमच्या मानखुर्दची शाळा बघा की. तासाभरात पोचाल."

साहेब हसले. "काका, मानखुर्द देश नाहीये!"

साहेब तीनदा केनियाला जाऊन आले. मानखुर्दला अजून यायचेत.

*

दोन वर्षांपूर्वी नेहा मॅडमनी नवा फॉर्म केला. चालतो का बघायला मलाच धरलं.

"घरात शाळेच्या वयाची मुलगी?"

"नात. सायली. नववीत."

"नाव पटावर आहे?"

"नाव आहे. पण ती जात नाही, मॅडम. सुनेने अंथरूण धरलंय, घरचं सगळं पोरगीच बघते."

"काका, फॉर्ममध्ये नावच विचारलंय ना!"

केली टिक. पोरगी घरी भाकऱ्या थापतेय, आणि यांच्या कागदावर शाळेत बसलीय. झकास!

*

आपली माध्यमिक शाळा कितवीपासून सुरू होते नि केनियाची कितवीपासून, यावर दोन साहेब दोन दिवस भांडले. चहा नेऊन नेऊन माझे गुडघे गेले. शेवटी म्हणाले, तळटीप टाकू.

"म्हणजे काय हो?" मी विचारलं.

नेहा मॅडम म्हणाल्या, "भांडण मिटलं नाही की ते खाली बारीक अक्षरात लिहायचं."

अरे, मग माझा सगळा संसार तळटीपच की रे!

*

एका दुपारी पडद्यावर आकडा आला, शाळेच्या वयाच्या शंभर पोरांमागे पटावर किती पोरं त्याचा. शंभराच्या वर!

मी ट्रे खाली ठेवला. "शंभर पोरांत शंभराहून जास्त पोरं? हे शिकायला परदेशात गेला होतात?"

"तसं नाही, काका," नेहा मॅडम म्हणाल्या. "वय उलटून गेलेली पोरंपण यात येतात. पटावर आहे ना, मग धरायचं. वय बघत नाहीत."

"मग मलापण धरा!"

सगळे हसले. मी नाही हसलो.

*

या जूनमध्ये सून हिंडूफिरू लागली. सायली म्हणाली, "आजोबा, मला परत नववीत बसायचंय." गेलो तिला घेऊन शाळेत.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सतरा वर्षांची? नववीत? लहान पोरींत कशी बसवू? नाव तर कधीच कमी केलंय."

सायली माझी बाही ओढायला लागली. "चला ना, आजोबा."

"थांब गं!" मी खुर्ची ओढून बसलो. "बाई, पोरगी घरी होती तेव्हा तुम्ही तिचं नाव मोजलंत. आता पोरगी दारात उभी आहे तर वय मोजताय? शंभराच्या वरपण पोरं असतात. ही वरची. धरा!"

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"मरोळला. एसीत!"

बाईंनी कपाटातून कोरा फॉर्म काढला आणि सायलीला म्हणाल्या, "उद्या दोन वेण्या घालून ये."